जालना, १ मिमी

पावसाळ्यात सकाळचा पेपर उघडला की आतल्या पानाच्या कोपऱ्यात एक बारीकसा तक्ता असतो. डावीकडे तालुके: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. उजवीकडे आकडे. कुठं ४, कुठं ११, कुठं नुसता १. टपरीवर चहा पिता पिता तो तक्ता वाचणारा हमखास म्हणतो, "एक मिलिमीटर? ह्याला काय पाऊस म्हणायचं? धूळसुद्धा दबली नसंल." आणि पान उलटून मोसंबीचा भाव बघायला लागतो.

थांबा, पान उलटू नका. आज आपल्याला त्या १ च्या खांद्यावर बसून फिरायला जायचंय. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढून ठेवा. थोड्या वेळानं तो शून्यं दाखवता दाखवता हात टेकणार आहे, तेव्हा कागद-पेन्सिलही असू द्या.

अंगणात एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडलं. एक तांब्या. एवढंच? एवढंच. आता गुंठ्यावर चला. गुंठ्याला साधारण शंभर लिटर. दोनशे लिटरचं निळं पिंप अर्धं भरलं. एकरावर ४,०४७ लिटर. आणि हेक्टरावर पुरते १०,००० लिटर. हा आकडा ओळखीचा वाटतोय ना? उन्हाळ्यात गावात येतो तो मोठा टँकर, दहा हजारी! म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की प्रत्येक हेक्टराच्या बांधावर एकेक भरलेला टँकर येऊन उभा राहिला. बिल नाही, डिझेल नाही, सरपंचाला फोन नाही.

जालना जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,७१८ चौरस किलोमीटर. हेक्टरात ७,७१,८००. म्हणजे सगळ्या जिल्ह्यावर एक मिलिमीटर पडला तर टँकर झाले ७ लाख ७१ हजार ८००! लिटरमध्ये ७७१ कोटी ८० लाख. हे टँकर एकामागे एक, बंपरला बंपर लावून उभे केले आणि एकेकाला आठ मीटर जागा दिली, तर रांग ६,१७४ किलोमीटरची. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर ही रांग मुंबईहून पुण्याला आणि पुण्याहून मुंबईला वीस वेळा जाऊन येते, आणि एकविसाव्यांदा पुण्यात पोचून वर थोडी उरते. खंडाळ्याच्या घाटात काय होईल ते तुम्हीच बघा.

वजन? ७७ लाख टन. पंचांगात नक्षत्राचं वाहन हत्ती निघालं की आपले म्हातारे खूश होतात, यंदा धो-धो पडणार म्हणून. पाच टनांचा हत्ती धरला तर जिल्ह्यावरचा नुसता एक मिलिमीटर म्हणजे पंधरा लाखांवर हत्ती. साऱ्या देशातले रानहत्ती गोळा केले तरी तीस हजार भरत नाहीत. पंचांगकर्त्यांनी वाहन जरा हात राखूनच दिलंय म्हणायचं.

आणि ती पाण्याची रेल्वे आठवते? २०१६ च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून 'जलदूत' गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, एका खेपेत पंचवीस लाख लिटर. देशभरात बातमी झाली. आता जालन्याचा एक मिलिमीटर त्या मोठ्या गाड्यांत भरा. ३,०८७ गाड्या लागतात! रोज एक सोडली तर साडेआठ वर्षं. धूळ दबली नाही म्हणे.

इथं एक गंमत मध्येच सांगून टाकतो. हा आकडा येतो कुठून? पर्जन्यमापकातून. साध्या जुन्या पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं. एक मिलिमीटर पाऊस पडला तर त्यात २० मिलिलिटर पाणी साचतं. खोकल्याच्या औषधाचे चार चमचे. सकाळी साडेआठला ते चार चमचे मोजायचे आणि त्यावरून शिवारभर टँकर उभे करायचे! २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, महसूल मंडळागणिक एक. तरी एका केंद्राच्या वाट्याला साधारण दीडशे चौरस किलोमीटर येतात. दीडशे चौरस किलोमीटरला त्या २०० चौरस सेंटिमीटरनं भागा: साडेसातशे कोटी. जगाची लोकसंख्या सव्वाआठशे कोटींच्या आसपास आहे. म्हणजे पृथ्वीवरच्या एकाच माणसाला गाठून "जेवलास का?" विचारायचं आणि त्याच्या उत्तरावरून साऱ्या जगाचं पोट भरलं की नाही ते जाहीर करायचं, असा हा प्रकार. "मंडळात पाऊस दाखवला, माझ्या वावरात टिपूस नाही" ही तक्रार दर वर्षी होते. त्या भागाकारानंतर मला ती तक्रार अजिबात अतिरेकी वाटत नाही.

चला, एकावरून पुढं सरकू. पेरणीच्या तोंडावर कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ऐकायला सोपं. एकराला हिशेब लावा: ७५ मिलिमीटर म्हणजे ३ लाख लिटर, तीस टँकर. १०० म्हणजे चाळीस. तुमच्या एका एकरात चाळीस टँकर रिते झाल्यावर कुठं वाफसा येतो आणि सरकी टाकायची हिंमत होते. वीस टँकरांवर भुलून पेरलं की दुबार पेरणी ठरलेली.

अतिवृष्टीची सरकारी रेघ ६५ मिलिमीटरची, चोवीस तासांत. हेक्टरावर साडेसहा लाख लिटर. आता विहीर घ्या, सहा मीटर व्यासाची, बारा मीटर खोल, आपल्याकडे असते तशी. काठोकाठ भरली तर तिच्यात ३ लाख ३९ हजार लिटर मावतात. म्हणजे अतिवृष्टीच्या एका रात्रीत तुमच्या प्रत्येक हेक्टरावर जवळजवळ दोन विहिरी उचलून उपड्या केल्या. तुरीची मुळं गुदमरणार नाहीत तर काय होईल? आणि एकाच मंडळावर, दीडशे चौरस किलोमीटरवर, अशी रात्र पडली तर पावणेदहा लाख टँकर. जिल्हाभरच्या त्या एका मिलिमीटरपेक्षा जास्त, आणि तेही एका कोपऱ्यात.

आता श्वास भरून घ्या. अख्खा पावसाळा.

जालन्यात चांगल्या वर्षी ६०० ते ७०० मिलिमीटर पडतो. आपण कंजूषपणे ६०० धरू. टँकर झाले ४६ कोटी ३० लाख. रांग ३७ लाख किलोमीटर. मुंबई-पुणे आता पुरत नाही, वर बघा. चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. आपली रांग चंद्रावर चार वेळा जाऊन परत येते, पाचव्यांदा जाते आणि परतीची निम्मी वाट ओलांडून पुढं संपते. जलदूत गाड्या लागतील साडेअठरा लाख. रोज एक सोडली तर पाच हजार सत्तर वर्षं! कुरुक्षेत्रावर शंख फुंकला गेला असं परंपरा सांगते, त्या सुमाराला पहिली गाडी सुटली असती तर शेवटची आत्ता कुठं फलाटाला लागली असती. आणि हे सगळं पाणी आभाळ चार महिन्यांत टाकतं.

धरणाच्या भाषेत सांगायचं तर १६३ टीएमसी. पैठणचा नाथसागर, मृतसाठा धरून, १०२ टीएमसीचा. म्हणजे एकट्या जालना जिल्ह्यावर दर पावसाळ्यात दीड नाथसागर पडतो, वर थोडा अधिकच. मुंबईला दिवसाला सुमारे ४०० कोटी लिटर पाणी लागतं. आपला पावसाळा मुंबईला तीन वर्षांहून जास्त पुरेल. पैशांत? टँकरचा भाव हजार रुपये धरू. (हजारात कोण देतो, असं विचारू नका, टंचाईत तेवढ्यात ड्रायव्हर फोनही उचलत नाही.) एका मिलिमीटरचं बिल ७७ कोटी. पावसाळ्याचं ४६ हजार ३०० कोटी. आपल्याच जिल्ह्यातून गेलेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सुमारे ५५ हजार कोटींत झाला. म्हणजे आभाळ जालन्याला दर वर्षी जवळजवळ एक समृद्धी फुकट देतं. 'जालना सोने का पालना' म्हणायचे ते उगाच नाही.

मग एप्रिलमध्ये टँकरच्या मागं हंडे घेऊन पळायची वेळ का येते?

कारण पाळण्याला भोकं आहेत. हेक्टरावर पावसाळ्यात सतरा-अठरा विहिरी पाणी पडतं खरं, पण खाली काळा पाषाण. बेसाल्ट. तो पाणी पीत नाही, भेगा-फटींतून दिलं तेवढं घेतो. शिवाय आपल्याकडचा बहुतेक पाऊस वर्षातल्या शंभरेक तासांत उरकतो, असं पाण्यातले जाणकार सांगत आले. वर्षाचे तास ८,७६०. त्यातले शंभर! सव्वा टक्क्याहूनही कमी वेळात वर्षाची कमाई; बाकी पावणेनव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळ नुसतं वर बघायचं. त्या शंभर तासांत पाणी अडवलं तर अडवलं. जालना तालुक्यातल्या कडवंचीनं ते अडवलं, बांध घातले, शेततळी खोदली, आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षं पिकवली. ज्यांना अडवता आलं नाही त्यांनी २०१२-१३ च्या दुष्काळात वाढवलेल्या मोसंबीच्या बागा स्वतःच्या हातानं तोडल्या. त्याच मोसंबीला पुढं भौगोलिक मानांकन मिळालं.

दुसरं भोक वर आहे. ऐन उन्हाळ्यात उघड्या पाण्याचा दिवसाला जवळजवळ एक सेंटिमीटर थर वाफ होऊन जातो. बोटाच्या नखाएवढा. नाथसागर भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो. मे महिन्यात निम्मा आक्रसला असं धरू. निम्म्यावर एक सेंटिमीटर म्हणजे दिवसाला १७५ कोटी लिटर. सातशे जलदूत गाड्या! दर दोन मिनिटांना एक पाण्यानं भरलेली गाडी आभाळाकडं रवाना, मुंबईच्या लोकलपेक्षा घाईनं. रूळ नाहीत, शिट्टी नाही, आणि एकही गाडी लेट नाही.

पण तेच आभाळ फिरलं तर? सप्टेंबर २०२५ चे शेवटचे दिवस आठवा. जायकवाडीतून, म्हणजे याच नाथसागरातून, गोदावरीत विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला. क्युसेक हा शब्द बातमीत वाहून जातो, आपण त्याला धरून ठेवू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. तीन लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला ८५ लाख लिटर. एक टिचकी वाजवा: पंचवीस विहिरी गेल्या. अजून एक: अजून पंचवीस. लातूरच्या त्या पन्नास वाघिणींच्या गाड्या सेकंदाला तीनहून जास्त. मुंबईचं दिवसभराचं पाणी आठ मिनिटांच्या आत. एक टीएमसी पंचावन्न मिनिटांत, म्हणजे रविवारचं कीर्तन संपायच्या आत! धरणाचा सगळा जिवंत साठा, ७६ टीएमसी, त्या वेगानं तीन दिवसांत रिकामा. खाली अंबड-घनसावंगीच्या काठावर शहागड, गोंदीची माणसं हे आकड्यांत बघत नव्हती, उंबऱ्यावर बघत होती. सोयाबीन तर गेलंच, कितीक ठिकाणी खालची मातीही गेली. माती मात्र टँकरनं आणता येत नाही, म्हणून तिचा हिशेब मी मांडत नाही.

गारांचंही थोडक्यात उरकतो, नाहीतर जाफ्राबाद-मंठ्याकडचे वाचक रागावतील. ११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट तिकडं कोणी विसरलेलं नाही. लिंबाएवढी गार जमिनीला भिडते ती ताशी शंभरेक किलोमीटर वेगानं, म्हणजे एक्स्प्रेसवेवरच्या मोटारीसारखी, फक्त रस्ता उभा. आणि विजेत वाहतो साधारण तीस हजार अँपिअरचा प्रवाह. पाच अश्वशक्तीचा आपला मोटारपंप सात-आठ अँपिअर घेतो, तेव्हा झाले चार हजार पंप, तेही लोडशेडिंगशिवाय.

वीज म्हटलं आणि आठवलं. खरा हादरा इथं आहे. हा हिशेब मी तीनदा केला, कारण पहिल्या दोन वेळा विश्वास बसला नाही. पाण्याची वाफ करायला उष्णता द्यावी लागते हे चुलीवर चहा ठेवणाऱ्याला माहीत आहे. वाफेचं परत पाणी झालं की ती सगळी उष्णता बाहेर पडते. शास्त्रज्ञ सांगतात, किलोला २५ लाख ज्यूल. आपण त्यांच्यावर विश्वास ठेवू आणि पुढं गुणू. जालन्यावरच्या पावसाळ्याच्या पाण्याचा ढगात थेंब होताना जी उष्णता सुटते तिचे युनिट करा. ३ लाख २० हजार कोटी युनिट! साऱ्या भारतातली औष्णिक, जल, अणू, सौर, पवन अशी सगळी केंद्रं मिळून वर्षभरात जी वीज तयार करतात ती १ लाख ८० हजार कोटी युनिटच्या आसपास. एका जिल्ह्याचा पाऊस देशाच्या विजेला पावणेदोन पटीनं मागं टाकतो! युनिटला पाच रुपये लावा: सोळा लाख कोटी रुपये. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता. दोन अर्थसंकल्प आणि वर चिल्लर दोन लाख कोटी, आपल्या डोक्यावर ढगात दर वर्षी खर्ची पडतात, आणि आपण खाली छत्री शोधत असतो.

एवढा मोठा कारखाना उद्या कसा वागेल ते सांगायचं काम माणसानं अंगावर घेतलंय. भारतीय हवामान खातं १८७५ सालचं. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी हवामान सल्ला काढतं: फवारणी थांबवा, काढलेलं सोयाबीन झाका. त्या दोन ओळींच्या मागं काय धडधडतं? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ च्या सप्टेंबरात 'अर्का' नावाचा महासंगणक सुरू झाला. त्याची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप. सेकंदाला ११,७७,००,००,००,००,००,००० गणितं!

वाचता येत नाही ना? मलाही आलं नाही. म्हणून जालन्याला मोजायला बसवू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात १९,५९,०४६ माणसं. तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत सगळ्यांना पाटी द्यायची, प्रत्येकानं सेकंदाला एक गणित करायचं, झोप नाही, जेवण नाही, पोळ्यालासुद्धा सुट्टी नाही. अर्का एका सेकंदात जेवढं करतो तेवढं करायला जिल्ह्याला १९० वर्षं लागतील. १८५७ च्या उठावाच्याही आधी बसावं लागलं असतं. २०२५ च्या मे महिन्यात आलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' अर्काच्या जोरावर देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडते. आधी ते बारा-बाराचे होते. जालन्यावर तेव्हा ५४ चौकोन बसायचे, आता २१४. एका चौकोनात चार-पाच गावं. तरी पाऊस बांधाच्या अलीकडं पडतो आणि पलीकडं नाही, हे आहेच.

आता शेवटची चढण. थेंब.

दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब घेतला तर लिटरमध्ये २ लाख ३९ हजार थेंब. म्हणजे टपरीवर ज्याला नावं ठेवली त्या एका मिलिमीटरात तुमच्या एकरावर ९७ कोटी थेंब आपटले. हेक्टरावर २३९ कोटी, देशाच्या लोकसंख्येपेक्षा किती तरी जास्त. आणि जिल्ह्यावर, सहाशे मिलिमीटर? कॅल्क्युलेटर इथं मान टाकतो. १ वर १८ शून्यं, आणि वर आणखी दहावा हिस्सा. सेकंदाला एक थेंब मोजायला बसलं तर साडेतीन हजार कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी. विश्व अडीच वेळा नव्यानं जन्माला घालावं लागेल आणि प्रत्येक वेळी पहिल्या क्षणापासून मोजत बसावं लागेल.

आपल्या आज्यांच्या मोजणीत याला नावं होती. कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. कोटीला कोटीनं गुणलं की जलधी, म्हणजे समुद्र. तो अर्का सेकंदाला ११७ जलधी गणितं करतो. जालन्याचे थेंब ११ हजार जलधी. अकरा परार्ध! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त नावांची ही रांग परार्धापाशी येऊन थांबते.

आणि ढगात पाऊस थेंबाच्या रूपानं नसतोच. तिथं असतात कण, इतके बारीक की साधारण दहा लाख कण एकमेकांना चिकटतात तेव्हा कुठं आपल्या पत्र्यावर एक थेंब 'टप' वाजतो. अकरा परार्ध गुणिले दहा लाख. याला नाव नाही. भास्कराचार्यांकडं नाही, कॅल्क्युलेटरकडं नाही, माझ्याकडं तर नाहीच. आणि हा झाला एका जिल्ह्याचा एक पावसाळा; शेजारी बीड, परभणी, बुलडाणा अजून मोजायचेच आहेत.